मोठा क्विल्ट, घरचं मशीन आणि मधोमध बिघडणारे टाके

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्विल्टचा, म्हणजे वरचं कापड, मधला भराव आणि खालचं अस्तर असे तीन थर एकत्र शिवलेल्या गोधडीचा, वरचा भाग जोडून तयार आहे, माप ९० बाय १०० इंच. मशीन साधं घरगुती. वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड बरोबरीनं सरकवणारा मशीनचा पाय) लावून दर दोन इंचांवर उभ्या सरळ रेषा मारायच्या ठरवल्या, एका कडेपासून सुरुवात केली. पहिल्या सात-आठ रेषा झकास झाल्या. जसजसं मध्याकडे सरकत गेलं तसे टाके बारीक व्हायला लागले, मागच्या अस्तराला चुण्या पडल्या आणि खांदे असे भरून आले की दोन दिवस मशीनला हात लावला नाही. आता १४ रेषांवर काम अडलंय. मोठ्या कमानीचं मशीन घेणं हाच एक उपाय आहे का?

मशीनच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, निदान आत्ता तरी नाही. पण तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी, बारीक टाके आणि खांदे, एकाच जागी जन्मतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. चुण्यांकडे नंतर येते.

कमान म्हणजे सुई आणि मशीनचा उजवीकडचा खांब यांच्यामधली मोकळी जागा. साध्या घरगुती मशीनला ती सहा-सात इंच असते, क्विल्टिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनला नऊ ते अकरा. ९० इंच रुंदीचा क्विल्ट आणि सात इंचांची जागा, हे ऐकूनच धडकी भरते. मात्र एक हिशेब करून बघा. क्विल्ट नेहमी असा फिरवून घ्यायचा की लहान भाग कमानीत राहील. मग सगळ्यात वाईट वेळीही कमानीत जास्तीत जास्त ४५ इंच येतात, अस्तराची जादा कड धरून ४९. पातळ सुती भरावाचा एवढा भाग घट्ट गुंडाळला तर गुंडाळी जेमतेम तीन इंच जाडीची होते. म्हणजे ती कमानीत मावते. सहज मावते असं नाही म्हणणार, पण मावते. जागा पुरत नाही ही आपली समजूत बऱ्याच वेळा खोटी असते.

मग टाके का बिघडतात? ओढीमुळे. या आकाराचा सुती क्विल्ट अडीच ते तीन किलो भरतो. तीन किलो उचलणं काही कठीण नाही. पण त्यातला किलोभर भाग टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली लोंबत असेल, तर तो किलो सतत सुईखालच्या कापडाला स्वतःकडे खेचत असतो. मशीनचे दाते कापड मागे ढकलू पाहतात, लोंबणारा भाग ते डावीकडे ओढतो, या रस्सीखेचीत दात्यांची पकड सुटते आणि टाका बारीक पडतो. आणखी ओढ वाढली की सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. तुमचे खांदेही याच रस्सीखेचीत कामाला आलेत. जे काम टेबलानं करायचं ते तुम्ही दंडांनी करत होता.

हे मला उमगायला बरीच वर्षं गेली, आणि तेही एका फजितीतून. माझ्या एका क्विल्टला प्रत्येक रेषेत एकाच ठिकाणी टाके बारीक पडत होते, वरच्या कडेपासून साधारण साठ इंचांवर. मी सुई बदलली, दोरा बदलला, ताण कमीजास्त केला, दात्यांखालचा कचरा काढला, मशीन दुरुस्तीला नेऊन आणलं. काही फरक नाही. एक दिवस शिवता शिवता सहज उठून मशीनच्या मागे डोकावले. शिवून पुढे गेलेला साठ इंच क्विल्ट मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत ठासून बसला होता. पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून तो उलट माझ्याकडे ढकलत होता. टेबल भिंतीपासून ओढलं, मशीन टेबलाच्या पुढच्या कडेला आणलं, टाके सरळ. दुरुस्तीवाल्याला मी काय काय ऐकवलं होतं ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

तेव्हा मशीनच्या आधी टेबल. मशीनच्या मागे दोन हात लांबीची सपाट जागा हवी. तिच्यापलीकडे भिंत असेल तर उत्तमच, क्विल्ट मागच्या बाजूला घसरून पडत नाही. तुमच्या डाव्या हाताला तेवढीच जागा हवी. एवढं मोठं टेबल नसेल तर इस्त्रीचं उभं टेबल डावीकडे काटकोनात लावा. त्याची उंची खालीवर करता येते, त्यामुळे ते या कामाला अगदी चपखल बसतं. तिसरी गोष्ट, मशीनची सपाटी आणि टेबलाची सपाटी एक करा. मशीन टेबलावर नुसतं ठेवलेलं असेल तर त्याची बैठक टेबलापेक्षा तीन-चार इंच उंच राहते, आणि क्विल्टला प्रत्येक टाक्याला ही पायरी चढावी लागते. काहींच्या टेबलात मशीन बसवायचा खड्डा असतो, त्यांचं निभावलं. इतरांनी थर्माकोलचे जाड तक्ते मशीनच्या आकारात कापून भोवती बसवावेत, वरून गुळगुळीत पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तक्ता टाकावा. मी कित्येक वर्षं जाडजूड वह्यांच्या चळतींवर भागवलं. दिसायला बावळट, पण काम तेच.

आता कापड कसं धरायचं. जुनी शिकवण अशी की दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळ्या करा, चिमटे लावा आणि मधली पट्टी शिवा. माझं याच्याशी पटत नाही. गुंडाळी म्हणजे एक ओंडका होतो. तो फक्त लांबीच्या दिशेनं सरकतो, वळत नाही, आणि त्याचं टोक तुमच्या मांडीवरून खाली गेलं की सगळा ओंडका खाली ओढला जातो. त्यापेक्षा क्विल्ट बिनधास्त चुरगळा. कमानीत घड्या घालून कोंबा, डावीकडे ढीग करा, पुढे छातीशी ढीग करा. फक्त सुईभोवती वीत-दीड वीत जागा सपाट आणि सैल ठेवा. झाडाच्या बुंध्याभोवती आळं करतो ना, तसं. सभोवती कापडाचा बांध, मध्ये मोकळी जागा. त्या आळ्यापुरतं शिवायचं, सुई कापडात खाली ठेवून थांबायचं, पुढचं कापड मांडीवरून वर टेबलावर घ्यायचं, नवं आळं करायचं, परत शिवायचं. सुई वर असताना क्विल्ट हलवलात तर रेष हमखास तिथे मोडते. मशीनला थांबल्यावर सुई आपोआप खाली ठेवायची सोय असेल तर ती चालू करून ठेवा.

सैल आहे की नाही हे ओळखायची खूण: दोन्ही तळवे आळ्यात ठेवा आणि कापड चारही दिशांना बोटभर हलवून पाहा. जिकडे अडतं तिकडे ओढ आहे. उठा, तिकडचा ढीग वर उचला. दर दहा-बारा इंचांनी हे करायचं. होय, कंटाळवाणं आहे. पण एक आकडेमोड सांगते. तुमच्या दोन-दोन इंचांवरच्या रेषा म्हणजे ४५ रेषा, प्रत्येकी १०० इंच, एकूण ४,५०० इंच. टाका २.८ मिलिमीटरचा धरला तर साधारण ४१,००० टाके. मिनिटाला ५०० टाक्यांच्या बेतानं मशीन चाललं तर सुई प्रत्यक्ष खालीवर होते ती जेमतेम दीड तास. बाकीचा सगळा वेळ कापड सावरण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. सावरणं म्हणजेच काम आहे हे एकदा मान्य केलं की मशीन पळवायची घाई आपोआप कमी होते.

कडेपासून सुरुवात करणं ही तुमची दुसरी चूक, आणि चुण्यांचं अर्धं मूळ तिच्यात आहे. वॉकिंग फूट असला तरी प्रत्येक रेषेगणिक कापड किंचित पुढे आणि बाजूला ढकललं जातं. कडेकडून आत आलात तर हा ढकललेला झोळ मध्यावर गोळा होतो आणि तिथे त्याला बाहेर पडायला वाट नसते. मध्यापासून कडेकडे गेलात तर तो कडेच्या बाहेर निघून जातो. शिवाय मध्यापासून सुरू केल्यावर सगळ्यात अवघड रेष पहिलीच असते. त्यानंतर प्रत्येक रेषेला कमानीतला भाग दोन इंचांनी कमी होतो. काम हलकं होत जातं, आणि माणूस थकत जातो तेव्हा त्याची फार किंमत वाटते. उजवा अर्धा भाग पुरा झाला की क्विल्ट १८० अंशांत फिरवायचा आणि उरलेला अर्धा तसाच उजव्या हाताला घ्यायचा.

एका अर्ध्या भागातल्या रेषा शक्यतो एकाच बाजूकडून मारा. एक रेष वरून खाली, दुसरी खालून वर अशी केलीत की शेजारच्या दोन रेषांमधलं कापड विरुद्ध दिशांना ओढलं जातं आणि तिरप्या सुरकुत्या पडतात. इस्त्रीनंही त्या जात नाहीत. क्विल्ट फिरवल्यावर मधल्या एकाच जोडीला उलट दिशा येते, तेवढं खपून जातं.

पण रेषा मारायच्या आधी मी आणखी एक फेरी करते, आणि मोठ्या क्विल्टला ती कधीच चुकवत नाही. क्विल्टला आधी बांधून घ्यायचं. मधली उभी शिवण, मधली आडवी शिवण, मग तुकड्यांच्या मोठ्या चौकटींच्या शिवणी, साधारण दर पंधरा-वीस इंचांवर एक, या सगळ्यांच्या खाचेतून एक-एक टीप मारून घ्यायची. वरच्या कापडाला मिळताजुळता दोरा लावला की ती टीप दिसतही नाही. यानंतर एका मोठ्या क्विल्टऐवजी तुमच्यासमोर पंधरा-वीस इंचांचे सुटे चौकोन असतात. प्रत्येकाच्या चारही बाजू पक्क्या, त्यामुळे एका चौकोनातला झोळ दुसऱ्यात जात नाही. आतल्या टाचण्याही निम्म्या काढून टाकता येतात, वजन हलकं होतं. ही फेरी करायला एक आख्खा दिवस जातो. तो मी कधी वाचवायला गेले की पुढे तीन दिवस उसवण्यात घालवले आहेत.

आता टाचण्या. चुण्यांचं उरलेलं अर्धं मूळ इथे असणार अशी माझी शंका आहे. तिन्ही थर एकत्र धरायला तुम्ही सेफ्टी पिना किती लावल्या? आडव्या-उभ्या दर चार इंचांवर एक, हा माझा नेम. आपली मूठ कापडावर कुठेही ठेवली तरी तिच्याखाली किंवा कडेला पिन लागली पाहिजे. ९० बाय १०० ला या हिशेबानं साधारण साडेपाचशे पिना लागतात. लिहायला चूक झालेली नाही, साडेपाचशे. अडीचशेत भागवायला गेलेल्यांना अस्तर बरोबर माफ करत नाही. पिना क्विल्टिंगच्या, किंचित वाकड्या पोटाच्या घ्या, कापड न उचलता तिन्ही थरांतून जातात. सगळ्या आधी टोचून घ्यायच्या आणि मग एकदम बंद करायच्या. काढताना मात्र उघड्याच डब्यात टाकायच्या, पुढच्या वेळी साडेपाचशे पिना उघडायचा वैताग वाचतो. शिवताना सुई जवळ आली की पिन काढायची, वरून शिवून जायचं नाही.

थर पसरताना अस्तर जमिनीवर किंवा टेबलावर उलटं, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं धरायचं. सुरकुती जाईल इतकंच ताणायचं. ढोलकीसारखं ताणलेलं अस्तर पट्ट्या सोडल्यावर आक्रसतं आणि वरचं कापड त्याला सैल पडतं, मग चुण्या पडल्याच. अस्तर चारही बाजूंना चार-चार इंच जादा ठेवा, भराव दोन-तीन इंच. अस्तराला जोड असेल तर कापडाची किनार आधी कापून टाका, ती इतर कापडापेक्षा घट्ट विणलेली असते आणि धुतल्यावर ओढते. जोड अर्ध्या इंचाचा घेऊन इस्त्रीनं उघडा दाबा. तो क्विल्टच्या बरोबर मध्यावर आणू नका, जिथे आधीच सगळ्यात जास्त घड्या पडतात.

गुडघ्यांवर बसून पसरणं जमत नसेल तर फवारायचा तात्पुरता गोंद हा दुसरा मार्ग. खिडक्या उघड्या, हात हलका, दीड-दोन फूट पट्ट्यापट्ट्यानं. मी मोठ्या क्विल्टला दोन्ही वापरते, गोंद आणि वर विरळ पिना. नुसता गोंद लहान कामाला पुरतो. पण मोठ्या क्विल्टची आठवडाभर चुरगळाचुरगळ चालते आणि तेवढ्यात कडेचे थर सुटायला लागतात. पूर्वापार कच्चा धावदोराही आहेच, फक्त त्याचे धागे वॉकिंग फूटच्या खुरात अडकतात.

वरच्या कापडाचा एक दोष मात्र कोणत्याही टाचण्या झाकत नाहीत. काठाच्या पट्ट्या लावताना आपण लांब पट्टी घेऊन शिवत जातो आणि शेवटी उरलेली कापतो. अशा काठाला थोडी लांबी जादा जाते आणि तो झालरीसारखा लाटा मारतो. काठ जोडण्यापूर्वी क्विल्ट मध्यातून मोजा, पट्टी त्या मापाची कापा आणि मगच जोडा. तुमचा काठ आत्ताच लाटा मारत असेल तर क्विल्टिंगनं तो सपाट होईल या आशेवर राहू नका. उलट मध्यभागी दाट आणि काठाला विरळ रेषा आल्या तर लाटा वाढतात, कारण दाट टाक्यांनी मधला भाग आक्रसतो आणि काठ मोकळाच राहतो. टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी ठेवणं, नक्षी कितीही साधी असो, हे फार महत्त्वाचं.

भरावाबद्दल थोडं. पातळ सुती, किंवा ८० टक्के सूत आणि २० टक्के पॉलिस्टर असा मिश्र भराव घरगुती मशीनला सोयीचा. तो कापडाला धरून राहतो, घसरत नाही. जाड फुगीर पॉलिस्टर कमानीत जागा खातो आणि घसरतो. लोकर हलकी आणि दबणारी असते, हाताळायला छान, फक्त धुण्याची काळजी घ्यावी लागते. वेष्टनावर दोन रेषांमधलं कमाल अंतर लिहिलेलं असतं, कुठे चार इंच, कुठे आठ, कुठे दहा. ते वाचा, कारण मोठ्या क्विल्टला किती रेषा लागतील ते तिथेच ठरतं. तुमच्या भरावाला चार इंच चालत असतील तर दोन इंचांचा हट्ट कशाला? रेषा निम्म्या होतील. उलट कोणी हौसेनं अर्ध्या इंचावर रेषा घ्यायच्या ठरवल्या तर ४१,००० टाक्यांचे दीड लाखावर जातात. स्वतःच ठरवा.

सरळ रेषेलाही माझा थोडा विरोध आहे. १०० इंचांची सरळ रेष एका इंचात जरी हलली तरी डोळा तिथेच जातो. त्याऐवजी लाटेसारखी सैल रेष मारा. वॉकिंग फूट तोच, फक्त चालता चालता क्विल्ट अंगठाभर डावीकडे, अंगठाभर उजवीकडे असा झुलवत न्यायचा. चूक नावाची गोष्टच उरत नाही. मोठ्या क्विल्टवर सर्पिल किंवा मोठी वर्तुळं मात्र टाळा, त्यांच्या प्रत्येक फेऱ्याला तीन किलो कापड कमानीतून गरगर फिरवावं लागतं.

मशीनची मांडणी: सुई ९०/१४, क्विल्टिंगची किंवा टॉपस्टिचची, दर आठ तासांच्या कामाला नवी. ५० नंबरचा सुती दोरा वर आणि खाली. टाका २.५ ते ३ मिलिमीटर. मशीनला फूटचा दाब कमी करायची चकती असेल तर थोडा कमी करा, वरचं कापड पुढे ढकललं जाणं लगेच कमी होतं. त्याच तीन थरांचा एक फूटभर तुकडा मशीनजवळ ठेवा आणि रोज काम सुरू करताना आधी त्यावर चार रेषा मारा. बॉबिन पाच-सहा आधीच भरून ठेवा. बॉबिन संपणार ती नेमकी क्विल्टच्या मध्यावर, हे गृहीत धरा.

मुक्त हातानं क्विल्टिंग, म्हणजे दाते खाली पाडून डार्निंग फूटनं (कापड हवं तिकडे हलू देणाऱ्या पायानं) नक्षी, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इतकंच सांगते की आळ्याचा नियम तिथे दुप्पट लागू, कारण कापड हलवणारे तुमचे हातच असतात. रबराच्या ठिपक्यांचे हातमोजे घ्या. वळणांवर मागच्या बाजूला पापण्यांसारखे दोरे दिसले तर वळणात हात पळतोय असं समजा. तिथे हात आवरा आणि वरचा ताण थोडा वाढवून पाहा.

इतकं करूनही वजन झेपत नसेल तर माझी आवडती युक्ती म्हणजे भराव तीन भागांत कापणं. वरचं कापड आणि अस्तर अखंडच ठेवायचं. भराव लांबीत तीन पट्ट्यांत कापायचा, पण सरळ नाही, सौम्य नागमोडी. नागमोडी जोडाची वळी क्विल्टवर उमटत नाही. पट्ट्यांवर क्रमांक आणि वरची बाजू लिहून ठेवा, नाहीतर आठवड्यानं कोणती कुठली ते कळत नाही. आधी फक्त मधली पट्टी घालून तेवढंच टाचायचं आणि शिवायचं, पट्टीच्या दोन्ही कडांना पाच-सहा इंच न शिवता सोडून. या वेळी कमानीत येतं ते नुसतं दोन पदरी कापड, साडीच्या घडीएवढं. मधला भाग झाला की वरचं कापड आणि अस्तर बाजूला उलटून पुढची पट्टी मधल्या पट्टीला कडेला कड भिडवायची, एकावर एक चढवायची नाही, आणि हातानं सैल तिरप्या टाक्यांनी जोडायची. मग टाचा आणि बाहेर शिवत जा. भरावाचं सगळं ओझं एका वेळी कमानीत कधीच येत नाही. फक्त टाचण तीनदा करावं लागतं.

एकेक चौकोन आधीच क्विल्ट करून नंतर पट्ट्यांनी जोडायचे, हाही मार्ग चांगला आहे, पण तो सुरुवातीला ठरवायचा असतो. तुमचा वरचा भाग जोडून झालाय, तेव्हा तो पुढच्या वेळी. हातानं क्विल्ट करणाऱ्यांना कमानीची चिंताच नाही, १४-१६ इंचांचं गोल चौकटीचं रिंगण पुरतं, महिने मात्र लागतात. आणि क्विल्टचा वरचा भाग लाँगआर्म मशीन, म्हणजे खूप लांब कमानीचं क्विल्टिंगचं मशीन, असलेल्या कोणाला शिवायला देणं यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. तीन पलंगभर क्विल्ट घरी करून झाल्यावर चौथा बाहेर द्यावासा वाटला तर खुशाल द्या.

मोठं मशीन घ्यायचं का, याकडे परत येते. अकरा इंचांची कमान मिळाली की आळं मोठं होतं, डोळ्यांना बरं वाटतं. पण लोंबणारा किलोभर क्विल्ट अकरा इंचांच्या मशीनलाही तितकाच ओढतो. आधीच्या टेबलावर नवं मशीन आणून ठेवलंत तर तेच बारीक टाके जास्त पैसे मोजून मिळतील. मशीननं शिवलेला क्विल्ट हाच मुळात दुय्यम असं लोक एकेकाळी म्हणायचे. १९८९ साली अमेरिकेतल्या पडुका इथे, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळालं, मशीनच्या कामाला ते पहिल्यांदाच, आणि तेव्हा केवढी धुसफूस झाली होती. आज त्याचं कोणाला काही वाटत नाही.

खांद्यांसाठी: खुर्ची इतकी उंच करा की हात मशीनच्या सपाटीवर ठेवल्यावर कोपर काटकोनात राहील आणि खांदे कानांकडे चढणार नाहीत. चाळीस मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की रेष अर्धी असली तरी सुई खाली ठेवून उठायचं. रेष पुरी करण्याच्या नादातच खांदे जातात.

आणि तुमच्या त्या १४ रेषा. पहिल्या सात-आठ ठीक असतील तर तशाच राहू द्या. क्विल्ट उलटा करून अस्तरावरून हात फिरवा, चुण्या ज्या रेषांवर आहेत तेवढ्याच उसवा. उसवताना एकेक टाका ओढत बसू नका. मागच्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका कापत जा, मग पुढच्या बाजूचा दोरा एका टोकाला धरून ओढा, सळसळत निघून येतो. उसवलेल्या भागातले थर हातानं सारखे करून तिथे नव्या पिना लावा, मुठीच्या मापानं. उरलेल्या भागातही पिना मोजा आणि कमी असतील तर वाढवा. मग मधल्या उभ्या शिवणीतून एक टीप, मधल्या आडवीतून एक, आणि तिथून उरलेल्या भागाच्या चौकटी. शिवलेल्या सात रेषांच्या दिशेनं येताना शेवटच्या दोन-तीन रेषा उरतील तेव्हा थांबून बघा. तिथे थोडा झोळ जमलेला असेल तर त्याला एका रेषेत कोंबू नका, दोन-तीन रेषांत वाटून घ्या, आणि रेष मारताना दोन्ही तळव्यांनी कापड हलकं सपाट धरून ठेवा. आणि प्रत्येक रेष सुरू करायच्या आधी एक हात क्विल्टच्या खालून फिरवा. अस्तराचा दुमडलेला कोपरा मी क्विल्टलाच शिवून टाकलाय, एकदा नाही, तीनदा.